मोठ्याने वाचू नका

प्रयोगशाळेतल्या ताईंचा आवाज खणखणीत. त्यांची खोली रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लांब बोळाच्या अगदी टोकाला. पण सकाळी त्या बशा वाचायला बसल्या की आवाज पार जिन्यापर्यंत जायचा. जिना पुसणाऱ्या बाईंनाही अर्ध्याअधिक औषधांची नावं ऐकून ऐकून तोंडपाठ झाली होती.

बशा वाचायच्या म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. रुग्णाचं रक्त किंवा जखमेतला पू या खोलीत येतो. त्यातले जंतू एका चपट्या, झाकणाच्या बशीत, थिजलेल्या खाद्यावर पसरायचे. वर कागदाच्या बारीक गोल चकत्या ठेवायच्या, प्रत्येकीत एकेक औषध मुरवलेलं. मग बशी उबेच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी काढावी तर सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. ज्या औषधापुढे त्यांचं काही चालत नाही, त्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल रिंगण, अंगण झाडल्यासारखं. रिंगण मोठं, तर औषध कामाचं. जंतू थेट चकतीला जाऊन चिकटले असतील, तर ते औषध द्या किंवा पाणी द्या, सारखंच.

मोजण्याचं काम दोघांचं. ताई हातमोजे घालून बशी उचलायच्या, पट्टी लावायच्या आणि रिंगण किती मिलिमीटर ते मोठ्याने सांगायच्या. शेजारी बसलेले काका ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. जंतू लागलेला हात कीबोर्डला लागता कामा नये, म्हणून ही पद्धत, कित्येक वर्षांची. काका निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा टेबलभर शोधणारे. पण कामात चोख.

"चला गं बायांनो, काय दिवे लावलेत बघू," म्हणत ताई झाकण उघडायच्या. "जेंटामायसिन, बावीस."

"बावीस," काका म्हणायचे.

"सिप्रो, शून्य."

"शून्य."

ताईंच्या मुलीला या वाचण्याची नक्कल झकास जमायची. बुटकी म्हणायचे तिला सगळे. वर्गात उंचीला सगळ्यात मागे आणि तोंडाने सगळ्यात पुढे. घरी ताट समोर आलं की आईसारखी मान ताठ करून, आवाज लावून ती सुरू व्हायची, "भाजी, शून्य. बिस्किटं, बावीस!" तिचे बाबा हसून लोटपोट व्हायचे. ताई वरवर डोळे वटारायच्या.

तर ही बुटकी सायकलवरून पडली. गुडघा फुटला, एवढंच. कुणाचा फुटत नाही? धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. पण गुडघा सुजला, लाल झाला, मग मांडीपर्यंत रेघ चढली आणि पोरीला अशी हुडहुडी भरली की पलंग वाजायला लागला. मुलांचा वॉर्ड प्रयोगशाळेच्या बरोबर डोक्यावर, एक मजला वर. पोरगी वर, तिच्या रक्तातले जंतू खाली बशीत, आणि ताई दोन्हीकडे.

ताईंनी पहिली बशी वाचायला घेतली. शून्य, शून्य, शून्य. नेहमीची औषधं एकामागून एक बाद होत गेली. आणि मग खालच्या बाजूला दोन रिंगणं दिसली.

"मेरोपेनेम, सव्वीस!" ताई जवळजवळ ओरडल्याच. "काका, सव्वीस! आणि अमिकासिन, एकोणीस!"

"ताई, वाचली हो पोरगी," काका म्हणाले आणि खरोखरच चष्मा पुसायला लागले.

मेरोपेनेम त्याच दुपारी सुरू झालं. पण ताप उतरायचं नाव घेईना. उलट पोरगी डोळे उघडेनाशी झाली. डॉक्टरांनी पुन्हा रक्त पाठवलं. दुसरी बशी कपाटातून निघाली, ताईंनी झाकण उघडलं, आणि पट्टी दोनदा लावून पाहिली.

"सांगा ना," काका म्हणाले.

"मेरोपेनेम, शून्य."

होतं असं कधीकधी. ताईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. जंतू म्हणजे असून असून काय? बाहेर एक भिंत, आत पातळ पडदा, त्यात थोडा रस आणि रसात गुंडाळून ठेवलेला एक धागा. डोकं नाही, पोट नाही, डोळे नाहीत, कान नाहीत. त्या धाग्याशिवाय काहींच्या जवळ छोटी छोटी सुटी कडी असतात, आणि औषधाला कसं चकवायचं ती युक्ती बरेचदा त्या कड्यांत लिहिलेली असते. एक जंतू दुसऱ्याला बारीक नळी लावतो आणि कड्याची नक्कल देऊन टाकतो, शेजारणीला विरजण द्यावं तसं. आणि वाढ तर विचारूच नका. मधोमध आवळून एकीच्या दोघी होतात, दोघींच्या चौघी. संध्याकाळी एक उरली असेल तर सकाळी बशीभर. त्यांच्यात आई मरत नाही आणि उरतही नाही. आईच दोन लेकी होऊन जाते.

तेव्हा मेरोपेनेम गेलं, हे ताईंना पटलं. ते औषध अंगात होतं, जंतूंनी ते ओळखलं, चकवलं. ठीक. पण अमिकासिन? ते तर पोरीला दिलंच नव्हतं. त्याचीही चकती सायीत पार बुडाली होती. ज्या औषधाचं तोंड पाहिलं नाही, ते यांना पाठ कसं?

"चकत्या खराब असतील," काका म्हणाले.

चकत्या तपासायची सोय असते. प्रत्येक प्रयोगशाळेत एक पाळीव जंतू ठेवलेला असतो, वर्षानुवर्षं जोपासलेला, कधी कुठल्या औषधाशी भांडण न झालेला. इथे त्याला भोळी म्हणत. भोळी कशानेही मरायची. ताईंनी त्याच चकत्या भोळीच्या बशीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या चकत्यांभोवती मोठमोठी रिंगणं. चकत्या उत्तम होत्या.

डॉक्टर स्वतः खाली आले. तरुण माणूस, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. म्हणाले, "ताई, राखीव काढा." राखीव चकत्या म्हणजे शेवटची औषधं, एरवी हात लावायचा नाही अशी. ताईंनी त्या ठेवल्या. सकाळी एका चकतीभोवती एकवीसचं रिंगण होतं. टायगेसायक्लिन. ताईंनी ते असं वाचलं की बोळातून जाणारी माणसं थबकली. औषध रुग्णालयात नव्हतं, बाहेरून मागवावं लागणार होतं. ते यायच्या आतच पुढची बशी निघाली.

शून्य.

औषधाची बाटली अजून गाडीत होती, गाडी अजून रस्त्यात होती, आणि पोरीच्या रक्तातले जंतू तिला केव्हाच शिकून मोकळे झाले होते.

त्या दिवशी ताईंना आणखी एक गोष्ट दिसली. खरं तर आधीही दिसली असणार, लक्ष गेलं नव्हतं. साय बशीत सगळीकडे सारखी धरते. या बशीत नव्हती. ताई जिथे बसून वाचायच्या, त्या बाजूच्या काठाला ती दाट होती, जाड, ओलसर, आणि पलीकडे विरळ. ताईंनी जुन्या बशा काढून पाहिल्या. सगळ्यांत तसंच. जणू सगळ्या जणी पुढे सरकून बसल्या होत्या.

"ताई," काका हळूच म्हणाले, "एक बोलू? वेड्यात काढू नका."

"बोला."

"माझी खोड तुम्हाला माहीत आहे."

काकांची खोड अशी, की बशीत काठाला जागा उरली तर ते एक जुनीपुराणी चकती ठेवून द्यायचे. फार वर्षांपूर्वीचं औषध, मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून मागे पडलेलं. आता कुणी देत नव्हतं, कॉम्प्युटरमध्ये त्याचा रकानाही नव्हता. रकाना नाही म्हणून ताई ती चकती वाचतच नसत. दोघंही तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. त्या औषधाचं नाव इथेही घेत नाही. राहू द्या.

काकांनी आजवरच्या सगळ्या बशा ओळीने मांडल्या आणि बोट दाखवलं. पहिल्या बशीत त्या चकतीभोवती मोठं रिंगण होतं. दुसरीत होतं. तिसरीत होतं. आजच्याही बशीत होतं, जसंच्या तसं, झाडलेलं.

"जे जे आपण वाचलं, ते ते गेलं," काका म्हणाले. "हे कधी वाचलं नाही."

"काका, कान नसतात त्यांना."

"मला काय सांगता? पस्तीस वर्षं यांच्यातच गेली माझी."

ताई उठल्या, भोळीची बशी समोर घेतली आणि चकत्यांवरचं एकेक औषध तिच्यापुढे मोठमोठ्याने वाचलं, अगदी घसा बसेपर्यंत. लागलीच तिची नवी बशीही लावली. दुसऱ्या दिवशी तीत रिंगणं जशीच्या तशी. ताईंना हायसं वाटलं. बघा, म्हणाल्या, काही होत नाही, आपणच चक्रम झालोय.

काकांनी भोळीच्या बशीवर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "भोळीचं वर वॉर्डात कुणी नाहीये, ताई. पोरीच्या बशीतल्यांचं आहे."

आता करायचं काय? ताई शिकलेल्या बाई. एखादी गोष्ट खरी की खोटी, ते ताडून पाहायचं, यात त्यांचा जन्म गेला होता. हीही ताडून पाहता आली असती. पोरीच्या बशीसमोर त्या शेवटच्या औषधाचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. बस्स, इतकं सोपं. पण नाव घेतलं आणि खरं निघालं, तर पोरीला द्यायला जगात काही उरणार नव्हतं. ताडून पाहायचं म्हणजे पोरीचा जीव पणाला लावून पाहायचं. आणि न पाहता विश्वास ठेवायचा, तर इतकी वर्षं ज्यांना हसलो त्यांच्यात जाऊन बसायचं.

ताईंनी काकांना बाहेर जायला सांगितलं. दार लावलं. बशी हातात घेतली, झाकणाला तोंड जवळ नेलं.

"पाया पडते तुमच्या," त्या म्हणाल्या. "सोडा तिला. एवढीशी आहे हो ती. ती गेली तर तुम्ही तरी कुठे राहाल? तुमचंही घर तेच ना?"

बशीतून नेहमीचा आंबूस वास आला. बाकी काही नाही. ताई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि तोंडात ओढणी कोंबून रडल्या. आवाज होऊ द्यायचा नव्हता.

मग डोळे पुसून वर गेल्या. डॉक्टरांना जिन्याशी गाठलं, एका हातात बशी, दुसऱ्या हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर फक्त औषधाचं नाव.

डॉक्टरांनी चिठ्ठी घेतली. ओठ उघडले.

"मोठ्याने वाचू नका!" ताईंनी त्यांचा हातच धरला. "मनातल्या मनात वाचा. हात जोडते तुम्हाला."

डॉक्टरांनी आधी ताईंकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. ते काय समजले असतील ते उघडच होतं. आई आहे, झोप नाही, अन्न नाही, डोकं फिरलं. पण मग त्यांनी बशी उजेडात धरली आणि रिंगण पाहिलं. रिंगणाला वेड लागलेलं नव्हतं.

"मूत्रपिंडांना धोका आहे याने," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"ताई, नाव का नाही घ्यायचं?"

"सांगितलं तर तुम्ही द्यायचे नाहीत."

डॉक्टरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "देऊ," म्हणाले.

औषध आणायला काका स्वतः गेले. दुकानदाराला चिठ्ठी दाखवली आणि ओठांवर बोट ठेवलं. म्हातारा मुका आहे असं समजून दुकानदाराने हळहळत बाटल्या दिल्या.

पण खरी अडचण वॉर्डात होती. तिथला नियम असा, की सुई टोचण्याआधी सिस्टरने पलंगाशी उभं राहून रुग्णाचं नाव आणि औषधाचं नाव स्पष्ट वाचायचं. चूक होऊ नये म्हणून. चांगला नियम, त्याने किती जीव वाचले असतील. वॉर्डाच्या सिस्टर त्या नियमाच्या पक्क्या. त्या आल्या, बाटली उजेडात धरली, घसा खाकरला आणि बुटकीचं नाव वाचलं.

ताईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

पलंगाशी बसलेले बुटकीचे बाबा ताडकन उठले. "अगं, काय करतेस हे?"

"सिस्टर, नका," ताई कुजबुजल्या. "डोळ्यांनी वाचा. दोनदा वाचा, दहादा वाचा. पण आवाज नको."

सिस्टरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. सिस्टरांच्या चेहऱ्यावर राग होता, तो हळूहळू निवला आणि तिथे कीव आली. ताईंना ती कीव चालली. काहीही चाललं असतं. औषध सलाइनमधून थेंब थेंब आत जायला लागलं. ताईंनी बाटली फिरवून तिची चिठ्ठी भिंतीकडे केली.

"हे कुठलं औषध आहे?" बाबांनी विचारलं.

"विचारू नका."

"निदान मला तरी..."

"तुम्हालाही नाही. मी सांगेन, तुम्ही कुणाला सांगाल. नका हो विचारू."

त्यांनी विचारलं नाही. बायकोकडे बघत राहिले आणि मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

ताप उतरला.

लगेच नाही, चढउतार होत, पण उतरला. मांडीवरची रेघ फिकी पडली. पोरीने डोळे उघडले, पाणी मागितलं, मग पाणी नको म्हणून सरबत मागितलं. खाली बशीत साय धरेना. चार-दोन ठिपके, तेही मरगळलेले. काका बशी घेऊन जिना चढून आले आणि त्यांनी दारातूनच ती उंच धरून दाखवली.

"अजून आठवडाभर द्यायचं," डॉक्टर म्हणाले. "ठिपके आहेत तोवर थांबायचं नाही. एक जरी राहिला..."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

ते सगळे दिवस प्रयोगशाळेत कुणी मोठ्याने बोललं नाही. ताई बोटांनी आकडे दाखवायच्या, चकतीकडे बोट करायच्या, काका उतरवून घ्यायचे. जिना पुसणाऱ्या बाईंनी एकदा आत डोकावून विचारलं, "ताई, घसा बसला का?" ताईंनी हसून मान डोलावली.

मग ती दुपार आली. उन्हाची तिरीप पलंगावर पडली होती. बुटकी उशीला टेकून बसली होती, मांडीवर बिस्किटांचा पुडा, चादरभर चुरा. बाबा चहा आणायला गेले होते.

"सलाइन, शून्य," बुटकी म्हणाली. "बिस्किटं, बावीस!"

ताई हसल्या. कितीतरी दिवसांनी पोटातून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पोरीला कुशीत घेतलं, केसांतला चुरा झटकला.

"झोप आता थोडी."

"तू बस इथे."

"बसते."

बुटकी आडवी झाली, डोळे मिटले. श्वास संथ झाला. ताई तिच्याकडे बघत बसल्या. मग नजर वर सलाइनकडे गेली. बाटलीची पाठ, आरपार दिसणारं पाणी, एकेक थेंब.

किती उपकार झाले या औषधाचे, ताईंच्या मनात आलं. आणि त्या ओघात, इतके दिवस बाजूला ठेवलेलं त्याचं नावही मनात आलं. मनातच. ओठसुद्धा हलले नाहीत.

थेंब पडला. दुसरा पडला.

बुटकीने मान ताठ केली. डोळे मिटलेलेच होते. तिने आवाज लावला, प्रयोगशाळेतल्या ताईंचा खणखणीत आवाज, पार जिन्यापर्यंत जाणारा, आणि त्या औषधाचं अवघड नाव कुठेही न अडखळता घेतलं.

"शून्य," ती म्हणाली.

आणि कूस बदलून झोपली.

ताईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ अजून गार होतं. त्यांनी हात काढला नाही.